एलईडीच्या बोटीत भागी घ्यावी का? धर्म म्हणून काय बरोबर ते सांगा

होडीवाला

नमस्कार मंडळी. इथे नेहमी वाचतो पण लिहीत नाही, आज लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही मालवण तालुक्यातले, गाबीत. बाबांची फायबरची छोटी होडी आहे, रात्री जाळी टाकायची, सकाळी काय लागेल ते बंदरावर द्यायचं, आजोबांपासून हेच. मी बीकॉम केलं, मुंबईत नोकरी केली आणि बाबांची कंबर गेली तसा परत आलो. इंजिनचं आणि जाळ्यांचं कर्ज डोक्यावर आहे, त्यात बांगडा धड लागत नाही, इसवण (सुरमई) तर नशिबात असली तर. आता चुलतभाऊ एका मोठ्या बोटीत भागी घेतोय. ती बोट रात्री पाण्यावर एलईडी सोडते, उजेडाला मासे जमले की पर्ससीनचं जाळं फिरवून सगळं उचलते, मोठं बारीक सगळंच. मला म्हणतो तू पण भाग घे, एका सीझनमध्ये कर्ज फिटेल. आणि फिटेल हो, खोटं नाही बोलत तो. एलईडीला २०१७ पासून केंद्राचीच बंदी आहे हे बंदरावरच्या प्रत्येकाला माहीत आहे, तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की लांबवर उजेड दिसतोच.

बाबा एवढंच म्हणाले, "दर्याक फसयलंस तर दर्यो तुका सोडूचो नाय." आई म्हणते दर्यावर जाणं हा कुळाचा धर्म, पण घर चालवणं हा पण धर्मच. आणि चुलतभाऊ थेट गीता काढतो, की स्वधर्म सोडू नये असं कृष्णच सांगतो, मासे मारणं आपला स्वधर्म, मग उजेड लावून मारले काय नि न लावता मारले काय, पाप असेल तर दोन्हीत सारखंच.

याला मला उत्तर देता आलं नाही. कायदा काय म्हणतो ते माहीत आहे, तो प्रश्न नाहीये. धर्म म्हणून काय बरोबर आणि ते ओळखायचं कसं, हे जाणकारांनी सांगावं.

जुने_मास्तर

तुझा प्रश्न वाचून समाधान वाटलं, हल्ली धर्म म्हटलं की लोक झेंडे काढतात, असा प्रश्न कोणी विचारत नाही. मी चिपळूणकडचा, संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी चुलतभावाचं. त्याने काढलेलं स्वधर्माचं वाक्य गीतेच्या तिसऱ्या अध्यायातलं, त्यापेक्षा जोरदार आधार अठराव्यात आहे, तो त्याने काढला नाही म्हणून मीच काढतो. 'सहजं कर्म कौन्तेय सदोषमपि न त्यजेत्', म्हणजे वाट्याला आलेलं काम सदोष असलं तरी टाकू नये, कारण अग्नीबरोबर धूर असतो तसा प्रत्येक कामात काही ना काही दोष असतोच. आता हे नीट बघ. इथे जो दोष आहे तो कामाच्या आतलाच आहे, टाळू म्हटलं तरी टळत नाही. मासे मारायचे तर जीव जाणार, शेत नांगरायचं तर किडे मरणार, त्याला इलाज नाही. एलईडीचा दोष तसा आहे का? तुझ्या आजोबांनी त्याच्याशिवाय आयुष्यभर मासे मारलेच ना. हा दोष धंद्यातला नाही, जास्तीच्या नफ्यासाठी धंद्यावर वरून चढवलेला आहे. गीतेतलं अभय त्याला लागू होत नाही.

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची गोष्ट आहे. समुद्रकाठी इतकं घोर तप केलं की जटांमध्ये पक्ष्यांनी घरटं केलं, पिल्लं उडून जाईपर्यंत हा हलला नाही. मग त्याला वाटलं आपल्याला धर्म साधला. तेव्हा आवाज आला की वाराणसीचा तुलाधार वाणी तुझ्या पुढे आहे. हा गेला तिकडे, तर तुलाधार दुकानात बसून माल विकतोय. तो काय सांगतो तर कोणाचाही द्रोह, म्हणजे इजा, न करता, आणि ते जमत नसेल तर कमीत कमी द्रोह करून जी उपजीविका चालते तोच श्रेष्ठ धर्म, आणि मी तसाच जगतो. 'अद्रोहेणैव भूतानामल्पद्रोहेण वा पुनः'. यातलं 'अल्पद्रोहेण' महत्त्वाचं. शून्य द्रोह कोणालाच शक्य नाही हे त्याला माहीत आहे, तरी कमी आणि जास्त यातला फरक तो पुसत नाही. तुझा चुलतभाऊ नेमका तोच पुसतोय.

रापणकर

वेंगुर्ल्याकडचो मी. मास्तरांनी संस्कृतात सांगितलं ते आमच्या म्हाताऱ्यांनी न शिकता पाळलेलं. रापण लागायची तेव्हा होडीने जाळं समुद्रात गोल सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर घेऊन अख्खा वाडा किनाऱ्यावरून ओढायचा. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, माणसांचा वेगळा, आणि जो कोणी येऊन दोराला हात लावील तो रिकाम्या हाताने जायचा नाही, मग ती म्हातारी विधवा असो नाहीतर शाळेतून पळून आलेलं पोर. वाटे घालताना माणसं भांडायची पण कोणाचा वाटा बुडवलेला मी तरी बघितलेला नाही. आता किनाऱ्याला मासा येण्याआधीच बाहेर उचलला जातो, रापण ओढून येतं काय तर कचरा नि चार पेडवे. तेव्हा एलईडीने कोणाचं काय जातं असं जे विचारतात ना त्यांना सांग, त्या म्हातारीचा वाटा जातो. बापाशीक माझो नमस्कार सांग.

खोल_समुद्र

मी बोटमालक आहे आणि स्पष्ट लिहितो. डिझेल, बर्फ, खलाशांचा ॲडव्हान्स, बँकेचा हप्ता, हे सगळं मासा मिळो न मिळो द्यावंच लागतं. माझ्या बोटीवरच्या खलाशांच्या घरी पण चुली आहेत, त्या पेटत्या ठेवणं हा माझा धर्म नाही का? मी एकटा थांबलो तर बाकीचे थांबणार आहेत का, मी सोडलेला मासा बाजूची बोट उचलणार, परराज्यातली येऊन उचलणार. म्हणजे समुद्र वाचला नाहीच, वर माझी माणसं उपाशी. महाभारतातच आपद्धर्म, म्हणजे संकटाच्या वेळचा धर्म, सांगितलाय ना, विश्वामित्राने दुष्काळात कुत्र्याचं मांस चोरलं ते चाललं. मग कर्ज ही आपत्ती नाही का? होडीवाल्या भावा, तुला उपदेश करणाऱ्यांपैकी कोणी तुझा हप्ता भरणार नाहीये एवढं लक्षात ठेव.

चाकरमानी

शेवटचं वाक्य पटलं राव. परळला बसून कोकणातल्या माणसाला धर्म शिकवणं फार सोपं आहे म्हणून मी गप्प वाचतोय.

सावित्रीकाठ

मी महाडचा. मला एलईडीच्या आधी त्या 'स्वधर्म' शब्दापाशीच थांबायचंय, कारण आमच्या लोकांनी त्या शब्दाचे चटके पिढ्यानपिढ्या खाल्लेत. जन्माने जे काम मिळालं तो तुझा स्वधर्म, तो वाईट असला तरी परक्याच्या चांगल्यापेक्षा बरा, हे वाक्य कोणी कोणाला ऐकवलं ते इतिहासात बघा. मेलेली गुरं ओढायचं काम कोणाचा स्वधर्म ठरवलं होतं? आमच्या गावात २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं तेव्हा ते कोणाच्या तरी धर्माविरुद्धच होतं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, आणि तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे स्वतः ब्राह्मण होते हे पण इथल्यांनी लक्षात ठेवावं.

तर होडीवाला दादा, पहिली गोष्ट ही की तू गाबीत म्हणून जन्मलास म्हणून मासे मारणं हा तुझा धर्म, असं मला तरी मान्य नाही. उद्या तू बंदरावर हिशोबाचं ऑफिस टाकलंस तरी तू काही मोडलं नाहीस. हे एकदा बाजूला झालं की भावाच्या युक्तिवादाचा पायाच जातो, कारण तो कुळाच्या नावाखाली काहीही बसवतोय. आणि मास्तर, तुम्ही आता महाभारताच्या वनपर्वातली धर्मव्याधाची गोष्ट सांगाल असा माझा अंदाज आहे. गोष्ट चांगली आहे, खाटीक ब्राह्मणाला धर्म शिकवतो वगैरे, पण त्यातच तो आदल्या जन्मी ब्राह्मण होता आणि शापाने व्याध झाला असं घुसवलेलं आहे. शहाणपण आलं तर ते ब्राह्मणपणातूनच यायला पाहिजे का?

जुने_मास्तर

सावित्रीकाठ, धर्मव्याध मी सांगणारच होतो, आणि तुमचा आक्षेप खरा आहे. शापाचा भाग त्या आख्यानात आहेच, तो झाकून गोष्ट सांगणं बरोबर नाही. पण त्याच आख्यानात तो कौशिक ब्राह्मण व्याधाला म्हणतो की जो शूद्र संयम, सत्य आणि धर्म यात सतत उभा आहे त्याला मी ब्राह्मण मानतो, 'वृत्तेन हि भवेद्द्विजः'. दोन्ही एकाच आख्यानात आहेत, तेव्हा निवड आपल्याला करावी लागते. आणि निवड करायची मुभा परंपरेनेच दिलेली आहे. तैत्तिरीय उपनिषदात शिष्य घरी निघाला की गुरू त्याला सत्य बोल, धर्माने वाग असं सांगतो आणि पुढे म्हणतो की आमची जी चांगली आचरणं असतील तीच तू घे, बाकीची नाही. स्वतःच्या शिष्याला असं सांगणारा गुरू मला फार मोठा वाटतो.

आचार बदलत आलेत हे तर आपल्या कोकणच्याच माणसाने जगाला दाखवलं. भारतरत्न पांडुरंग वामन काणे, जन्म १८८० चा, आमच्या चिपळूणजवळचा, शाळा दापोलीत. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड, पहिला १९३० ला, शेवटचा १९६२ ला. त्यात कलिवर्ज्यांची मोठी यादी आहे, म्हणजे पूर्वी चालत होतं पण कलियुगात करू नये अशा गोष्टी, आणि द्विजांनी समुद्रप्रवास करणं त्यात येतं. बौधायन धर्मसूत्रात तर समुद्रावर जाणं हा उत्तरेकडच्यांचा खास आचार आणि मामेबहिणीशी लग्न हा दक्षिणेकडच्यांचा, अशी प्रदेशवार नोंदच आहे. आज कोकणातल्या घराघरातून माणसं जहाजावर आहेत, कोणी त्यांना वाळीत टाकत नाही. असे आचार येतात जातात. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सर्वांना, वर्ण आश्रम न बघता, सारखे सांगितलेले धर्म बघा, अहिंसा, सत्य, शुचिता, मत्सर न करणं, निष्ठुर न होणं, क्षमा. हे कोणी कलिवर्ज्यात टाकले नाहीत. मी होडीवाल्याला याच यादीवर तपासायला सांगीन, कुळाच्या यादीवर नाही.

आता खोल_समुद्र यांचा आपद्धर्म. प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून नीट उत्तर देतो. विश्वामित्राची आपत्ती बारा वर्षांच्या दुष्काळाची, प्राण जायची वेळ आलेली. त्याने जगण्यापुरतं घेतलं, मांसाचा धंदा सुरू केला नाही. आपत्ती संपली की मूळ धर्मावर यायचं हे त्यात धरलेलंच आहे, आणि आपत्ती नसताना आपत्तीचे नियम वापरणाऱ्याला त्याचं फळ नाही असं मनुस्मृतीतसुद्धा म्हटलंय. ज्याला पुढच्या सीझनला दुसरी बोट घ्यायची आहे त्याने आपत्ती म्हणू नये. तुमच्या खलाशांचं पोट ही आपत्ती असू शकते, ते मी मान्य करतो, पण मग त्यात किती खलाशांना मिळतं आणि किती तुमच्याकडे राहतं ते तुम्हीच बघा.

हर्णै_बंदर

मी बाई माणूस म्हणून लिहिते कारण इथे सगळे बोटीवरचेच बोलतायत, मासा बंदरावर आल्यावर पुढे बायकाच असतात. हर्णैच्या लिलावात आई उभी राहायची, आता मी असते. लिलावात माल उचलायचा आणि गावोगाव विकायचा, वजनात मारणारे मारतात, बर्फातला जुना ताज्यात मिसळणारे मिसळतात. आई कधी नाही. ती शाळेत गेलेली नव्हती, तुलाधार तिला माहीत असायचं कारण नाही, पण गिऱ्हाईक तिच्याकडेच यायचं. तर अल्पद्रोह म्हणजे काय ते रोज तराजूवर कळतं हे मास्तर सरांचं मला एकदम पटलं.

धर्मव्याधाच्या गोष्टीत व्याधाच्या आधी एक बाई आहे तिचं नाव कोणी काढलं नाही. त्या ब्राह्मणाने रागाने बघून बगळी जाळलेली असते, मग तो भिक्षेला येतो, ती त्याला थांब म्हणते, तेवढ्यात भुकेला नवरा येतो म्हणून आधी त्याला वाढते, आणि ब्राह्मण चिडल्यावर सांगते, मी काही ती बगळी नाही. काय जोर आहे त्या वाक्यात! तीच त्याला मिथिलेला व्याधाकडे पाठवते. आता ती सगळा धर्म नवऱ्याच्या सेवेत बघते ते मला पटत नाही, सर म्हणतात तसं आपण निवडायचं, मी ते वाक्य निवडते.

आणि एक. वनपर्वातच यक्षप्रश्न आहे. चारही भाऊ तळ्याकाठी मरून पडलेत, यक्ष म्हणतो एकालाच उठवतो, कोणाला उठवू. युधिष्ठिर भीम नाही म्हणत, अर्जुन नाही म्हणत, नकुल म्हणतो. कारण कुंतीचा एक मुलगा मी जिवंत आहे, माद्रीचा पण एक असू दे. राज्य मिळवायला अर्जुन लागणार हे त्याला कळत नव्हतं का? तरी त्याने आधी वाटा बघितला. आमच्याकडे गणपतीत सगळे जमतात तेव्हा बहिणींपुढे हक्कसोडाचे कागद ठेवतात, माझ्यापुढे पण ठेवले, आणि सही न केली तर बहिणीचा धर्म काय असतो ते सुनावलं. २००५ च्या कायद्याने मुलीला मुलाइतकाच हक्क दिलाय, पण कायद्याचं नाव न काढता मी भावाला नकुलाचीच गोष्ट सांगितली. कागद तसाच आहे, भाऊ बोलतो पण पूर्वीसारखा नाही. हे लिहायचं कारण एवढंच की ज्याचा वाटा बुडतो तो माणूस सहसा त्या बैठकीत नसतो. होडीवाला दादा, तुझ्या चुलतभावाच्या हिशोबात रापणकर काकांची म्हातारी कुठे आहे ते त्याला विचार.

खोल_समुद्र

ताई, तुमचं वाचून थांबलो. मास्तरांना उत्तर द्यायला लिहिलेलं सगळं पुसलं. पण माझा अर्धा प्रश्न तसाच आहे, मी थांबलो तर दुसरा उचलणार. त्यावर कोणी बोललं नाही.

मिऱ्याबंदर

त्यावर मी बोलतो, रत्नागिरीत मच्छीमार सोसायटीचं काम करतो.

तुमचं म्हणणं एकट्या माणसाच्या धर्माने सुटणारं नाहीच, आणि आपल्या जुन्या लोकांना हे पक्कं माहीत होतं. मोठा मासा लहान माशाला खातो त्याला मात्स्यन्याय म्हणतात ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. कौटिल्य म्हणतो दंड नीट वापरला नाही की मात्स्यन्याय माजतो. म्हणून राजधर्म वेगळा सांगितला, आणि शांतिपर्वात भीष्म तर म्हणतो काळ राजाला घडवतो की राजा काळाला याबद्दल शंकाच नको, राजाच काळाचं कारण. आता राजा नाही, कायदा आहे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा, २०१६ ला पर्ससीनवर निर्बंध आले, २०२१ ला दुरुस्ती होऊन दंड वाढले. कागद भरपूर आहे, समुद्रात गस्त पुरेशी नाही, हे मी रोज बघतो.

पण दोन गोष्टी आहेत साहेब. एक म्हणजे सगळे थांबत नाहीत म्हणून मी थांबत नाही असं प्रत्येक बोटमालक म्हणतो, सगळ्यांचं वाक्य एकच आहे. दुसरी, पावसाळी बंदी बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बाहेर जायच्या नाहीत. हे कसं पाळलं जातं? नुसत्या दंडाने नाही. त्या दिवसात दर्या खवळलेला, मासा अंड्यावर, आणि नारळी पुनवेला नारळ दिल्याशिवाय दर्यात जायचं नाही ही रीत आधीपासून अंगात होती. कायदा त्या रीतीवर बसला म्हणून टिकला. एलईडीच्या विरुद्ध अशी रीत अजून बनलेली नाही, ती बनवायला बंदरावर कोणीतरी आधी नाही म्हणावं लागतं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे उभं राहावं लागतं. होडीवाल्याचे वडील नाही म्हणतायत ते याच कारणाने महत्त्वाचं आहे. तुम्ही पर्ससीनचे परवानाधारक असाल तर लाईट काढून परवान्याच्या हद्दीत मासेमारी करा, बोट विका असं कोणी म्हणत नाही.

सावित्रीकाठ

+१. आणि रीत बनवायची तर त्यात खलाशांना पण बसवा, त्यांना विचारल्याशिवाय मालकांनी ठरवू नये.

होडीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन तीनदा वाचलं. बाबांना पण वाचून दाखवलं, तुलाधाराचं परत वाचायला लावलं त्यांनी. रापणकर काका, नमस्कार सांगितला, ते म्हणाले वेंगुर्ल्याच्या रापणीचे दोर त्यांनी पण ओढलेत.

भागी घेत नाही हे चुलतभावाला काल सांगितलं. तो चिडला, म्हणाला उद्या पैसे मागायला येऊ नको. मी म्हातारीच्या वाट्याचं विचारलं तर त्याने उत्तर नाही दिलं, पण बराच वेळ बसून राहिला. सावित्रीकाठ दादा, तुमचं लिहिलेलं आईला पटायला वेळ लागेल, पण दिवसा दोन सोसायट्यांचे हिशोब लिहायचं काम बघतोय, रात्री होडी चालूच ठेवणार, ती मला आवडते म्हणून, कुळाची म्हणून नाही.

कर्जाचं मात्र तसंच आहे. मिऱ्याबंदर साहेब, हप्ते लांबवून मिळतात का, त्याला काय लागतं?

मिऱ्याबंदर

मिळू शकतात, पण थकायच्या आधी अर्ज कर, थकल्यावर अवघड होतं. कर्जाचं खातं, इंजिनची बिलं, होडीचं रजिस्ट्रेशन, परवाना आणि मागच्या सीझनमध्ये माल दिल्याच्या पावत्या, एवढं एका फाईलला लाव. पावत्या नसतील तर बंदरावर ज्याला माल देतोस त्याच्याकडून लिहून घे. तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी भेट, तिथे अडलं तर मला व्यक्तिगत निरोप कर, मी फोनवर समजावून सांगतो.